बांबूच्या रकान्यातली ओळ

प्रिय बांबू,

दवाखान्यातल्या खुर्चीविरुद्ध माझी रीतसर तक्रार आहे. तिचा एक पाय आखूड आहे. तीन आठवडे मी तिच्यावर डुलतोय आणि समोरच्याला वाटतं, त्याचं म्हणणं मला पटतंय. समोर आपले सर आहेत, तेव्हा प्रकरण गंभीर आहे. तू असतास तर कागदाची घडी खाली सारून मोकळा झाला असतास. मी आधी चारही पाय तपासले.

आपलं भांडण या तपासण्यावरूनच ना? चीनच्या नव-कन्फ्यूशियन विचारातले ते दोन पंथ. माझा म्हणे, स्वभाव मुळात निर्मळ, पण गढूळ पाण्यातल्या मोत्यासारखा. एकेक वस्तू, एकेक ग्रंथ तपासत रोज स्वतःला घासा, कधीतरी लखलखाल. तुझा म्हणे, शोधताय ते मनातच आहे, बाहेर कशाला चाचपडता? तुमचा तो आद्य पुरुष बांबूत तत्त्व शोधत सात दिवस बसला, आजारी पडला आणि मग बाहेर शोधणंच सोडून बसला. तू कॉलेजच्या बागेतल्या बांबूसमोर एक दुपार बसून तापानं फणफणलास, आणि सरांनी तुझं बारसं केलं. मी प्रुफांत फार खोडतो म्हणून खोडरबर. मग सरांच्या हाताखाली आपण ते दोन रकान्यांचं पुस्तक केलं, डावा माझा, उजवा तुझा. तुझं शेवटचं वाक्य मी तुला न विचारता उडवलं. जागा नव्हती, असं सांगितलं. वाक्य माझ्या अख्ख्या रकान्याला पुरून उरणारं होतं, हे सांगितलं नाही. नऊ वर्षं तू बोलला नाहीस, बरोबरच केलंस.

सरांची गत काय सांगू! चाळीस वर्षं रोज सकाळी वहीत स्वतःच्या चुका लिहिणारा माणूस. आता वही कसली, तेच आठवत नाही. ग्रंथ गेले, पंथ गेले, मुलीचं नावही गेलं. पण परवा फरशी पुसणाऱ्या बाईंचा पाय घसरला, तर ज्यांना स्वतःचा पेला उचलवत नाही ते सर हात पुढे करून पलंगावरून अर्धे उठले. मी डुलत राहिलो. हे तुझं आधीपासून जाणणारं मन, की माझ्या पंथाचं रोजचं घासणं हाडांत मुरलेलं? मला ठरवता येत नाही, आणि ज्यांना विचारायचं ते नुसते कौतुकानं बघतात.

कारण ते मलाच बांबू समजतात. पहिल्या दिवशी चूक सुधारली, तर चेहरा असा पडला की पुन्हा धीर झाला नाही. रोज तुझ्या पंथाची बाजू लढवतो. वाईट म्हणजे, बरी लढवतो. निघताना विचारतात, तो खोडरबर काही फिरकत नाही रे? काल म्हणाले, तुझं ते शेवटचं वाक्य म्हण. मी तोंड उघडलं आणि कोरा. इतकं पक्कं खोडलंय की माझ्याकडेही उरलं नाही. डॉक्टर आता महिने सोडून दिवसांत बोलतात. तेव्हा ये आणि म्हण. मी बाहेर बसेन. खुर्चीखाली घडी सारून ठेवली आहे. सरांच्या प्रतीत तुझ्या रकान्याखाली पेन्सिलीनं एक रिकामी ओळ आखली आहे. जागा होतीच.

तुझाच,
खोडरबर