मारोतीचा पाय धुण्याची परवानगी

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय (पूरग्रस्त कक्ष)

अर्जदार : धर्मपाल पाझारे, निवृत्त पोस्टमन, मु. आमडोह, जि. यवतमाळ

विषय : शेजारी श्री. मारोती लेनगुरे यांच्या पायाची जखम धुण्यास हरकत नसल्याचे लेखी मिळणेबाबत.
संदर्भ : पुरानंतरची दवंडी, "पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नये."

महोदय,

१. सदर दवंडी घर-सामानापुरती होती, हे गावाला कळले, मारोतीला नाही. पुरात छपराचा पत्रा त्याच्या पोटरीत घुसला व जखमेत नाल्याचा गाळ गेला. तो गाळ त्याने पुरावा म्हणून राखून ठेवला आहे. मागच्या पुरात त्याने घर सारवून लख्ख केले, तेव्हा पंचनाम्याचे पथक म्हणाले, "इथं तर काही झालंच नाही." तेव्हापासून तो शहाणा झाला.

२. पत्नी इंदूबाई पाणी घेऊन गेल्या, तर तो ओरडला, "धुतलं तं साहेबाले काय दाखवू, तुयं थोबाड?" बाई म्हणाल्या, "माह्यं कायले? तुमचं मढंच दाखवीन त्याईले." आरोग्यसेविका कुंदाताई इंजेक्शन घेऊन आल्या, त्यांच्याकडे त्याने साहेबांचा कागद मागितला. कुंदाताई सरकारीच आहेत, पण खाते वेगळे.

३. पथक आले तेव्हा मारोतीने मोठ्या आशेने पाय पुढे केला. भिंत, कोठी व मेलेली शेळी लिहिली गेली. पायाला रकाना नव्हता. "माणसांचं पथक वेगळं आहे," असे सांगून ते गेले. ते वेगळे पथक अद्याप आलेले नाही.

४. पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळा पडत आहे, ताप उतरत नाही. नाइलाजाने अर्जदाराने आपला जुना खाकी कोट चढवून स्वतःच पथक होऊन पाहिले. मारोती तापातही हसला, "धरम, पोस्टमन हायेस बे तू. शिक्का कुठं हाय?"

५. सबब, "पाय धुवावा, दवाखान्यात जावे" एवढेच लिहून त्यावर शिक्का मारून द्यावा. शिक्का ठळक उमटावा. त्याला आता नीट दिसत नाही. रोज सकाळी तो विचारतो, "साहेब आले काय?"

आपल्या शिक्क्याच्या वाटेकडे डोळे लावून,
नम्र अर्जदार
(सही) धर्मपाल पाझारे
दि. ४ सप्टेंबर

सोबत : पायाचा फोटो, गाळासह.

ता.क. : अर्ज पाकिटात घालता घालता इंदूबाईंनी पाय धुतला. मारोतीने काहीच हरकत घेतली नाही. आज सकाळी त्याने "साहेब आले काय?" असेही विचारले नव्हते. तरी आता शिक्का नको. नाल्यावरचा रपटा (ठेंगणा पूल) वाहून गेल्याने रुग्णवाहिका येत नाही. श्वास अजून चालू आहे, ट्रॅक्टर पाठवावा.