खांद्याला सोसेल इतकं बारूद

॥ श्री ॥
रोटोटुना, हॅमिल्टन
१२ मार्च २०१६

चि. राजाराम यास,
अ. आ. वि. वि.

तुझ्या बहिणीचा स्नायूंचा आजार वाढतो आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. वाटी उचलताना अनुराधेचा हात थरथरतो. तरी शनिवारी क्लबात कागदी निशाणावर रायफल झाडणं तिने सोडलेलं नाही. एनसीसीपासूनचं वेड ते. बाजारच्या काडतुसाचा धक्का तिला सोसत नाही, म्हणून मी घरीच भरायला शिकलो. गॅरेजमध्ये शिसं वितळवून साच्यात गोळी ओततो आणि वापरलेल्या पितळी पुंगळीत बारूद कमी घालतो. बारूद कमी, तसा धक्का कमी. मग अंघोळ करून देवापुढे बसतो. आमची रिया इथल्या बोलीत म्हणते, बाबा हेप्स वीअर्ड आहेत, म्हणजे फारच विचित्र.

आईंना नमस्कार. आठवण ठेव.
शिरीष

॥ श्री ॥
कोरेगाव
३ एप्रिल २०१६

ती. दाजींस,
शि. सा. न. वि. वि.

माळ ओढणारे दाजी गोळ्या ओततात, हे गावात सांगितलं तर मलाच वेडा म्हणतील. पण दाजी, बारूद आणखी कमी करा. आई रोज एकच विचारते, अक्काला दुखत तर नाही ना. मी काय सांगू? ती तिकडे लांब, आम्ही इथे. तिला लागू देऊ नका, एवढंच मागणं.

आमच्यावरची माया अशीच राहू द्या.
आपला,
राजाराम

॥ श्री ॥
रोटोटुना
२० ऑगस्ट २०१६

चि. राजाराम यास,
अ. आ.

तुझ्या सांगण्यावरून कमी करत गेलो. रेंज सांभाळणारे ग्रॅहम म्हणाले की याहून कमी केलंस तर गोळी नळीतच अडकेल आणि पुढच्या बाराला नळी फुटेल. तिथे थांबलो. पण अनुराधेच्या लक्षात आलंच. रायफल खाली ठेवून तिने मला विचारलं की ही सुटते की शिंकते. म्हणाली की घरी सगळे मला धरून उठवता, भरवता. निदान रेंजवर तरी मला कोणी ढकलू दे. पहिल्यासारखं एक काडतूस हवं म्हणते. मी तुझं नाव पुढे केलं, तर म्हणाली की राजाला सांगा, मी त्याची थोरली आहे, लेक नाही.

बारूद मोजायच्या तराजूपुढे बसतो आणि तसाच उठतो. तुझा शब्द मोडू की तिचा? कळव.
शिरीष

रोटोटुना
१८ सप्टेंबर २०१६

चि. राजाराम,

फोनवर फक्त ती गेली एवढंच सांगू शकलो. बाकीचं लिहितो.

तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. तिला हवं तसं काडतूस भरून दिलं. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून तिने बार काढला. गोळी कागदाला लागलीच नाही. खांदा चोळत ती म्हणाली की दुखलं हो, आणि हसली. त्याच आठवड्यात श्वास थांबला. डॉक्टर म्हणाले की आजारानेच. शेवटची अंघोळ घालताना शेजारच्या विनयाताईंना खांद्यावर काळानिळा डाग दिसला. ही पडली होती का, असं त्यांनी बाहेर येऊन विचारलं. मी नाही म्हणालो.

तिला लागू देऊ नका म्हणाला होतास. आईंना काय सांगायचं ते तू ठरव.
शिरीष

कोरेगाव
६ ऑक्टोबर २०१६

ती. दाजींस,
सा. न.

डागाचं वगळून वाचणार होतो. पण मी अडखळलो की आईला कळतं, म्हणून सगळं वाचलं. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली की पोर जन्मात कधी दुखलं म्हणून बोलली नाही, आईपाशीसुद्धा नाही, जावयांपाशी बोलली.

तुम्ही जेवत जा, असं तिने लिहायला सांगितलं आहे.
राजाराम