सैल पट्ट्याचं गाणं

आई, काल दुपारी तुझं गाणं घरी आलं. केडगावच्या या फ्लॅटमध्ये मी एक मोठा स्टिरिओ आणलाय. दोन उंच स्पीकर आणि मध्ये एक चपटी पेटी. मोबाईलवर गाणं निवडलं की ते वायफायवरून त्या पेटीत उतरतं आणि खोलीभर पसरतं. पेटीवर हिरवा दिवा लागला की समजायचं, स्टुडिओत जसं गायलं तसंच आलंय, कणभरही कमी नाही. तुझी सून, जिला तू पाहिलंच नाहीस, म्हणते, या वयात भलती हौस सुचलीये. मी डोळे मिटून बसलो आणि कुणी अनोळखी पोरगी गायला लागली. कोवळा, उडता आवाज, ठेका असा की पाय आपोआप हलावा. भलतंच काही लागलं असं वाटून मी गाण्याचं नाव पुन्हा वाचलं. गाणं तेच होतं. या वेगात तू भाकरी थापली असतीस तर एकही धड उतरली नसती.

कोल्हारचं स्वयंपाकघर. पिठाच्या डब्यावर टेपरेकॉर्डर, त्याच्या बटणांवर तुझी पिठाची बोटं उमटलेली. तू थापतेस आणि टेपमधल्या बाईबरोबर गातेस, तिच्या आवाजाला इतकी चिकटून, की ती कुठे संपते आणि तू कुठे सुरू होतेस ते मला कळत नाही. चुलीच्या उबेने माझे डोळे मिटतात, गाणं संथ, लांबच लांब चाललेलं असतं. एकदा टेपचं बटण तुटलं म्हणून आपण स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने टेप उघडला आणि म्हणाला, आतला रबरी पट्टा सैल पडलाय, म्हणून गाणी जड अन् हळू वाजतात, लगेच बदलून देतो. तू टेपवर हातच ठेवलास.

"पट्टा ऱ्हाऊ द्या तसाच. या बाईसंगं मला गाता येतं. नीट केला तर ती पुढं निघून जाईल, अन् मी मागंच ऱ्हाईन."

तो हसला, आणि फक्त बटण बसवून दिलं.

मी सहावीत असताना तू गेलीस. टेप पुढे भंगारात गेला. तुझा एक फोटो आहे, आवाज कुठेच नाही. पण त्याची मला कधी काळजी वाटली नाही, कारण तुझा आवाज मला पाठ होता. डोळे मिटले की यायचा. जड, जरासा घोगरा, ओळीच्या शेवटी खाली बसणारा. काल मी दुसऱ्या एका ॲपमध्ये त्या गाण्याचा वेग कमी करत गेलो, तसा सूरही खाली उतरत गेला. हिरवा दिवा विझला. तुझी सून म्हणाली, आता हे गाणं आजारी वाटतंय. आणखी थोडा कमी केला, आणि तू खोलीत आलीस. जड, जराशी घोगरी, ओळीच्या शेवटी खाली बसणारी. मी रडलो, आई. मग गाणं संपलं, आणि बसल्या जागी हळूहळू उमगत गेलं की ही तू नव्हतीस. इतकी वर्षं तुझा म्हणून जपलेला आवाज त्या पोरीचा होता, सैल पट्ट्यावरचा.

म्हणजे मला तुझा आवाज आठवत नाही. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या सुनेलाही नाही.

आज दुपारी ती भाजी आणायला गेली तेव्हा मी गाणं पुन्हा हळू लावलं. खिडकीतून ऊन आत आलं होतं, पडदा मधूनच हलत होता. ती बाई कुणाची तरी वाट पाहत गातेय असं वाटत होतं. मी तिच्याबरोबर म्हणायला लागलो, तुझ्यासारखाच चिकटून. हे सगळं मोबाईलवरच लिहितोय, पाठवायला नंबर नाही. वाटलं होतं, तुझ्या चालीने गायलो तर मधे कुठेतरी तू सापडशील. सापडली नाहीस. पण मी मागे राहिलो नाही, आई.