कृष्णातने नेलेली तबकडी

मी, नानासो गुंडा जाधव, वय ६८, धंदा बँजो पार्टी, राहणार रहिमतपूर, ता. कोरेगाव, जि. सातारा, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, तर पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण घरात माझ्या डोक्यावर शंका घेणारे कमी नाहीत.

१. राहते घर पत्नी साळूबाईच्या नावे. तिच्यानंतर मुलगा जयराज. परवा तो टेप लावून माळा मोजत होता, ते मी पाहिले आहे. त्याने घाई करू नये.

२. दोन्ही बँजो, अॅम्प्लिफायर आणि कर्णे सांगलीला दिलेली लेक राजनंदिनी हिला. तिला कान आहे, पण ती सगळे बारीक आवाजात ऐकते. म्हणून पुढच्या कलमात तिचे नाव नाही.

३. परदेशी हेवी मेटल बँडची १९८४ सालची तबकडी. बँडचे नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर जयराज मोबाइलवर तिची किंमत बघेल.

आठ गाणी, एकही भरतीचे नाही. दोन गिटारी, एक वर एक खाली, बरोबरीने पळतात, पण एकमेकींच्या पायात येत नाहीत. एवढ्या दणक्यातही बेस वेगळा ऐकू येतो. गाणारा टिपेला जातो, तरी किंचाळत नाही. ते गिटारींचे जोडकाम मी दोन बँजोंवर बसवले आणि पंचक्रोशीतल्या वराती गाजवल्या.

१९९३ साली माझा ड्रमवाला आणि जिवाचा मित्र कृष्णात ही तबकडी ऐकायला घेऊन गेला. पुढच्या गणपतीत त्याने स्वतःची पार्टी काढली आणि माझेच जोडकाम माझ्याच दारासमोर वाजवले. तबकडीही बदलून परत दिली असेल, या संशयाने मी तीस वर्षे तिच्यावरचे ओरखडे तपासत आलो. त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.

गेल्या महिन्यात मी दवाखान्यातून घरी आलो, तेव्हा तो दारात उभा राहून म्हणाला, "नाना, तिसऱ्या गाण्यात समदी थांबत्यात, आन ड्रम जरा उशिरा पडतोय. त्यो उशीर मला आजून जमला न्हाई रं."

"चोरून नेलंस तवा कळलं न्हाई व्हय?" मी म्हणालो.

पण एवढ्या वर्षांत या घरात तो ठोका दुसऱ्या कोणाला ऐकूच आला नव्हता. तो गेल्यावर मला रडू आले.

म्हणून तबकडी कृष्णातला लिहून देणार होतो. पण मी मेल्यावर तो ती ऐकतो की विकतो, हे मला कसे कळणार? माझा त्याच्यावर अजून विश्वास नाही. सबब कलम तीन रद्द. आज दुपारी त्याला घरी बोलावले आहे. तबकडी त्याच्या हातात देईन आणि दोन्ही बाजू संपेपर्यंत समोरून उठणार नाही.

लिहून ठेवणार: नानासो गुंडा जाधव (सही)
साक्षीदार: १. वीरधवल शंकर भोसले (सही) २. समीक्षा अनिल कांबळे (सही)
ठिकाण: रहिमतपूर. दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५