लाउंजमधली झोप

युन-चेन,

दादाकडून, ओसाकाहून सुखरूप आलो. तू कामावर आहेस, म्हणून लिहून ठेवतो.

तू हट्टाने विमानतळावरच्या लाउंजचा पास दिलास. आई असती तर म्हणाली असती, "ज्यांना घरी भात मिळत नाही, त्यांनी बसावं तिथे." हल्ली मीही घरी एकटाच जेवतो, म्हणूनच गेलो. तिथे सगळेच एकटे जेवत होते. "एकटेच का?" असं कुणी विचारलं नाही. पोटभर जेवलो आणि खुर्चीतच झोपलो. तिथल्या मुलीने हलवलं, "आजोबा, उठा, विमान चुकेल." आई गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती. आज झोपेची गोळी काढून ठेवू नकोस.

आईच्या फोटोपुढची संत्री लाउंजमधली आहेत. विचारून घेतली.

भात मी लावलाय, दोघांपुरता. वेळेवर ये.

बाबा