निरोप पोचला का

माय, आज लई दमले गं. माझ्या लेकाची पोर, म्हणजे तुझी पणती, इथं माझ्याजवळ राहून कॉलेजात शिकती. माणसं ते मेसेजचं ॲप कशापायी घेतात, हे तिला मोजायचंय म्हणं. मी मेथी निवडीत बसले होते, तर ही समोर मांडी घालून बसली अन् म्हणाली, एक ते पाचमधला आकडा सांगत जा. वापरायला सोपं वाटतं का, मजा येती का, शेजारणीकडं आहे म्हणून घेतलंस का. मी आपली चार, तीन, चार म्हणत गेले. कौतुक वाटत होतं, विचारताना तिची भुवई अगदी तुझ्यासारखी वर जाती. पण दोन जुड्या निवडून झाल्या तरी प्रश्न सरंनात.

शेवटी म्हणाली, "आजी, खरं सांग, का घेतलंस?"

"निरोपासाठी."

ती थबकली. तिच्या शाळेत निरोप म्हणजे दहावीच्या पोरींना फुलं देऊन वाटेला लावणं. "निरोप म्हणजे बाय ना? तू कुठं चाललीस?"

हसले गं, अन् हसता हसता तू आठवलीस. माहेराहून, पिशोरहून, तू कासारणीकडं निरोप द्यायचीस. ती बांगड्यांची पेटी घेऊन कन्नडला उतरणार, तिथला बाजार करणार, मग एसटीनं इकडं. पापड लाटायला ये, मिरच्या न्यायला ये. कधी पोचायचा, कधी ती विसरायची. तुझा शेवटचा निरोप, बरं वाटत नाय, लेकीला ये म्हणावं, कासारीण माझ्या हातात बांगड्या भरता भरता सांगत होती, अन् दारात भाऊ येऊन उभा राहिला. तू गेलीस, म्हणाला. पोरगी म्हणती तो निरोप अन् तुझा निरोप, दोन्ही एकाच घटकेला आले. मला एवढंच खातं, की तुला शेवटपर्यंत कळलं नसंल, पोचला का नाय. दाराकडंच बघत असशील.

फोनवर पोचलं की दोन खुणा उमटतात. पोरीला म्हटलं, त्याचे पाच लिही. ती म्हणाली, "हा प्रश्नच नाहीये आमच्यात, आजी. 'उपयोगी'मध्ये टाकते." टाक म्हटलं.

हे लिहिलेलं कुठं धाडू, कुणाच्या हाती? तुला म्हणून सांगते. लेक पुण्याला असतो, रोज त्याला जेवलास का विचारते. त्याचं उत्तर वाचायला चष्मा लागतो, तो मी डबीतून काढतच नाय. दोन खुणा दिसल्या की फोन पालथा ठेवून देते.