भिंतीवरचा त्रिकोण, मोलगी

१० नोव्हें.
अकरावीच्या मागच्या भिंतीवर मोठा त्रिकोण काढला. कोपरे क, ख, ग. आत कुठेही एक ठिपका. लुडोचा फासा टाकायचा (१-२ क, ३-४ ख, ५-६ ग), जो कोपरा येईल त्याच्याकडे ठिपक्यापासून अर्ध्या वाटेवर नवा ठिपका. पुढचा खेळणार त्या ठिपक्यापासून. हजेरीच्या क्रमाने. पोरं म्हणाली, नुसता कचरा होईल. म्हटलं, टाकत राहा. त्रिकोणात त्रिकोण, त्यात पुन्हा त्रिकोण उमटतील, प्रत्येक तुकडा अख्ख्यासारखा. फ्रॅक्टल.
मुख्याध्यापक खिडकीतून: "मॅडम, हाई परीक्षामा येस का?" नाही येत.

१२ नोव्हें.
कॅल्क्युलेटरवर केऑस. सूत्र एकच, आलेलं उत्तर पुन्हा आत घालायचं. एक बाक ०.४ पासून, दुसरा ०.४०१ पासून. थोडा वेळ जोडीने चालले, मग एक इकडे, एक तिकडे. मी रंगात येऊन सांगितलं, सुरुवातीचा एवढासा फरक अख्खी वाट बदलतो. सगळ्यांनी लिहून घेतलं. वर्गात सर्वात हुशार शेवंती, तिने नाही.

१४ नोव्हें.
ऊसतोडीच्या जीपा गुजरातकडे निघाल्या. निम्मे बाक रिकामे. गेलेल्यांचे ठिपके मीच टाकते. चित्राचा पत्ता नाही.
शेवंतीही जाणार म्हणे. वहिनी बाळंत झालीय, भावाबरोबर मोळ्या बांधायला कुणी नाही. संध्याकाळी तिच्या घरी गेले. बापाला मराठी कळेना, मला पावरी येईना. मधे दुभाषी शेवंतीच. हिला पाठवू नका, शिकू द्या, मी पोटतिडकीने बोलले, बाप मान हलवत राहिला. खूश होऊन परतले.

१७ नोव्हें.
शाळा सुटल्यावर शेवंती भिंतीपाशी. "मॅडम, पहिला ठिपका दुसरीकडे टाकला असता तर?"
म्हटलं, तरी चित्र हेच.
"कुठूनही सुरू केलं तरी?"
हो म्हणाले. गणितात खोटं कसं बोलू.
मग विचारलं, बापाला नक्की काय सांगितलंस. खाली बघून म्हणाली, "सांगितलं, मॅडम म्हणतात, पोरीला जाऊ दे. मी नाही गेले तर ओल्या बाळंतिणीला न्यायचे."
रागावताही आलं नाही.

१९ नोव्हें.
पहाटेच्या जीपने गेली. कशासाठी शिकवते मी हे सगळं? कुठूनही सुरू करा, शेवटी उसाचा फड.

२० नोव्हें.
पाळी शेवंतीची. फासा टाकला. ख आला. खडू घेतला, ठिपका न काढता परत ठेवला. तिचा ठिपका पडल्याशिवाय कुणालाच पुढे खेळता येत नाही.

२५ नोव्हें.
मु.अ. म्हणतात, भिंत पुसून घ्या, तपासणी आहे. म्हटलं, राहू द्या, पाळी चालू आहे. कुणाची, विचारलं. वर्ग एका आवाजात: "शेवंतीची."
भिंतीवर अजून कचराच दिसतो.